रुळांकाठची झुडपे, बागेतला पाचोळा आणि रस्ता ओलांडणारे बेडूक : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे वस्तीतले उद्यान, रस्ता, रेल्वे स्थानक आणि त्यांच्या आसपास राहणारे पशुपक्षी यांच्याविषयी आहेत. आशय सारखा असलेली पत्रे एकत्र केली असून प्रश्न संक्षेपाने दिले आहेत. उद्यान एका खात्याचे, रस्ता दुसऱ्याचे आणि लोहमार्ग तिसऱ्याचा, अशी आपण वाटणी केलेली असली तरी तेथे राहणाऱ्या जिवांसाठी तो सारा एकच मुलूख असतो, ही गोष्ट पुढील उत्तरे वाचताना ध्यानात ठेवावी.

प्रश्न : आमच्या वस्तीला लागूनच रेल्वे स्थानक आहे. फलाट संपल्यावर रुळांच्या दोन्ही बाजूंच्या भरावावर गवत आणि झुडपे माजली आहेत. ती काढून टाकून तेथे शोभेची झाडे लावावीत, अशी काही रहिवाशांची मागणी आहे. मला मात्र पहाटे पक्ष्यांचे आवाज तेथूनच ऐकू येतात, म्हणून ती झुडपे राहावीत असे वाटते. योग्य काय?

उत्तर : झुडपे राहावीत हे आपले म्हणणे योग्य आहे आणि त्याला केवळ आवडीचा नव्हे, तर अभ्यासाचाही आधार आहे. रुळांकडेची जमीन माणसांच्या पायाखाली फारशी येत नाही, तिला ऊन भरपूर मिळते, तिच्यावर पाणी साचून राहत नाही आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती सलग असते. शहरातली बाग चारही बाजूंनी रस्त्यांत अडकलेली असते; लोहमार्गाचा काठ मात्र एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत आणि तेथून शहराबाहेरच्या शेतांपर्यंत किंवा रानापर्यंत न तुटता जातो. सरडे, लहान सस्तन प्राणी, फुलपाखरे आणि झुडपांच्या आडोशानेच पुढे सरकणारे छोटे पक्षी या काठाने ये-जा करतात.

वनस्पतींचाही प्रवास याच वाटेने होतो. मूळच्या सिसिली बेटावरील ज्वालामुखीच्या खडकाळ उतारांवर वाढणारी पिवळ्या फुलांची एक वनस्पती ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातून बाहेर पडली आणि एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे जाळे वाढले तसतशी ब्रिटनभर पसरली. रुळांखालची खडी तिच्या मूळ जमिनीशी मिळतीजुळती होती आणि तिच्या केसाळ बिया धावत्या गाडीमागच्या वाऱ्याबरोबर पुढच्या स्थानकापर्यंत जात होत्या. बर्लिनमधील टेम्पलहोफ येथील मालगाड्यांचे यार्ड १९५२ मध्ये बंद पडल्यावर तेथे कोणी काही लावले नाही, तरीही काही दशकांत रुळांमधून गवताळ मैदान आणि तरुण जंगल उभे राहिले. रहिवाशांनी ते वाचवण्यासाठी पाठपुरावा केला आणि सुमारे १८ हेक्टरांचा तो भाग आज संरक्षित निसर्ग उद्यान आहे. जमिनीला पाय लागू नयेत म्हणून त्याच्या एका भागात लोकांना उंचावरच्या लोखंडी मार्गिकेवरून फिरवले जाते.

तथापि, बंद पडलेले यार्ड आणि चालता लोहमार्ग यांत मोठा फरक आहे. चालत्या मार्गावर चालकाला सिग्नल स्पष्ट दिसला पाहिजे, वाळलेल्या गवताला आग लागता कामा नये आणि झाड रुळांवर कोसळता कामा नये. म्हणून रुळांलगतचा पट्टा छाटलेलाच ठेवावा लागतो आणि त्याबाबत रेल्वेशी वाद घालण्यात अर्थ नाही. आपली मागणी त्या पट्ट्याच्या पलीकडच्या उतारासाठी असावी. तेथील झुडपे एकाच वेळी सरसकट कापण्याऐवजी एका वर्षी एक भाग आणि पुढच्या वर्षी दुसरा, अशी आळीपाळीने छाटावीत. विणीचा हंगाम टाळावा. तण जाळू नये आणि तणनाशकही फवारू नये. शोभेची झाडे लावण्याचा आग्रह सोडून द्यावा, कारण जे उगवले आहे ते त्या जमिनीला मानवते म्हणूनच उगवले आहे. पक्षी पाहायचे असतील तर पादचारी पुलावरून किंवा फलाटावरून पाहावेत. रुळांवर कधीही उतरू नये.

प्रश्न : पूर्वी आमच्याकडे एक ओबडधोबड मोकळी जागा होती आणि तेथे पक्षी पुष्कळ दिसत. आता तेथे सुरेख उद्यान झाले आहे, झाडेही वाढली आहेत, पण पक्षी कमी झाले आहेत. असे का व्हावे?

उत्तर : हा प्रश्न यापूर्वीही अनेकांनी विचारला आहे आणि आमच्या मते तो या महिन्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. कातरलेली हिरवळ, भोवती छाटलेले कुंपण आणि मधोमध परदेशी फुलझाडांचे वाफे अशी बाग नीटनेटकी दिसते. मात्र तेथे खायला, लपायला आणि घरटे बांधायला फारसे काही उरत नाही. एरवी दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिलांना बहुधा किडे आणि अळ्याच भरवतात. उत्तर अमेरिकेतील चिकडी हा चिमणीहूनही लहान पक्षी आहे. एका वेळची पिले वाढवण्यासाठी त्याच्या जोडीला सुमारे सहा ते नऊ हजार अळ्या गोळा कराव्या लागतात, असे अभ्यासक सांगतात. एवढ्या अळ्या कोठून यायच्या? फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या पुष्कळशा अळ्या ठरावीक वनस्पतींचीच पाने खातात आणि त्या वनस्पती बहुधा त्याच भूमीत पूर्वापार वाढत आलेल्या असतात. ज्या झाडाचे एकही पान कुरतडलेले नाही, ते झाड माळ्याच्या दृष्टीने कितीही निरोगी असले तरी पक्ष्यांच्या दृष्टीने रिकामे असते.

दुसरे कारण पायाखाली आहे. उद्यानाच्या एखाद्या दुर्लक्षित कोपऱ्यात झाडाखालचा ओला पाचोळा हळूच बाजूला सारून पाहावा. वरची पाने कोरडी आणि कुरकुरीत असतात. त्यांच्याखाली पानांच्या नुसत्या शिरांची जाळी शिल्लक असते आणि तिला बुरशीचे पांढरे धागे चिकटलेले असतात. त्याच थरात अंगाचे वेटोळे केलेला पैसा किडा, चिमुकल्या गोगलगाई, अंड्यांची पिशवी सांभाळणारा कोळी आणि मातीत निसटू पाहणारे गांडूळ दिसते. जमिनीवर उड्या मारत पाने उलटवणाऱ्या पक्ष्यांचे अन्न हेच असते. रोज सकाळी पाचोळा झाडून पोत्यांत भरला की ते अन्नच उचलून नेले जाते. शिवाय जमीन उघडी पडून लवकर वाळते आणि मग तिला पाणी जास्त द्यावे लागते.

तिसरे कारण म्हणजे जुनी आणि वाळलेली झाडे तोडली जातात. सुतारपक्षी खोडात ढोली कोरतो आणि त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे पोपट, मैना, छोटी घुबडे किंवा वटवाघळे राहायला येतात. नवे रोप लावून ढोलीची भरपाई होत नाही, कारण ढोली होण्याइतके खोड जाड व्हायला कित्येक दशके लागतात. वाळलेले झाड वाटेवर कोसळण्याची भीती असेल तर धोकादायक फांद्या अवश्य उतरवाव्यात, पण खोड सुरक्षित उंचीपर्यंत उभे ठेवता येते.

उद्यान समितीकडे एकच मागणी करायची असेल तर उद्यानाचा साधारण एक तृतीयांश भाग कातरणीबाहेर ठेवावा, ही करावी. वाटेच्या कडेचा पट्टा छाटलेला राहिला तर आतले उंच गवत दुर्लक्षामुळे नव्हे तर जाणीवपूर्वक ठेवलेले आहे, हे येणाऱ्यांना आपोआप कळते आणि तक्रारी कमी होतात. मुलांना खेळायला मोकळी हिरवळ हवी, हे निर्विवाद आहे. मात्र संपूर्ण उद्यान खेळाचे मैदान असण्याची गरज नाही.

प्रश्न : स्थानकाजवळच्या गोंगाटात राहणारे पक्षी वेगळ्या आवाजात गातात, असे वाचले. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : आहे. नेदरलँड्समधील लायडन शहरात हान्स स्लाबेकोर्न आणि मार्ग्रीट पीट यांनी ग्रेट टिट या पक्ष्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अधिक गोंगाटाच्या जागी राहणाऱ्या नरांच्या गाण्यातील खालचे स्वर इतरांच्या तुलनेने वरच्या पट्टीतले होते, असे त्यांना आढळले. रहदारीचा आवाज मुख्यतः खर्जातला असल्यामुळे वरचे स्वर त्यात बुडत नाहीत. प्रत्येक जातीला असा बदल साधत नाही आणि ज्या जातींना तो साधत नाही, त्या गोंगाटाच्या जागा सोडून जातात, ही याची चिंताजनक बाजू आहे.

प्रश्न : उद्यान आणि तळे यांच्या मधून आमचा रस्ता जातो. पावसाच्या पहिल्या रात्रीनंतर सकाळी रस्त्यावर चिरडलेले बेडूक इतके पडलेले असतात की पाहवत नाही. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : उपाय आहे आणि तो आपण समजता तितका खर्चिक नाही. अनेक जातींचे बेडूक वर्षातला बराच काळ पाण्यापासून दूर, पाचोळ्यात किंवा मातीत काढतात आणि विणीच्या वेळी पाण्याकडे निघतात. ओल मिळावी म्हणून ते पावसाळी रात्र निवडतात, म्हणजे नेमकी तीच वेळ, जेव्हा चालकाला समोरचे सर्वांत कमी दिसते. दिवसभर तापलेले डांबर रात्री ऊब देते, म्हणून काही बेडूक रस्त्याच्या मध्यावर बसूनही राहतात. दिव्याचा झोत पडला तरी ते पळत नाहीत, जागच्या जागी दबून बसतात.

सर्वांत आधी वेगाचा विचार करावा. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेनुसार ताशी ४८ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार चालकाला धोका दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत सुमारे २३ मीटर पुढे जाते. वेग ताशी ३२ किलोमीटर असेल तर हेच अंतर १२ मीटरांवर येते. म्हणजे वेग एक तृतीयांशाने कमी केला की थांबण्याचे अंतर जवळपास निम्मे होते. ओल्या रस्त्यावर ही दोन्ही अंतरे वाढतात. वेग कमी केल्याने बेडकांइतकाच रस्ता ओलांडणाऱ्या मुलांचा आणि वृद्धांचाही जीव वाचतो, म्हणून या मागणीला वस्तीतून पाठिंबा मिळवणे अवघड जाऊ नये.

दुसरा उपाय रस्त्याखालून वाट देण्याचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट या गावी १९८७ मध्ये हेन्री स्ट्रीटखाली सॅलमँडरांसाठी, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या पण बेडकांप्रमाणे उभयचर असलेल्या प्राण्यांसाठी, दोन छोटे बोगदे बांधण्यात आले. अशा कामात बोगद्याइतकेच महत्त्व त्याच्याकडे वळवणाऱ्या बुटक्या कुंपणाला असते. कुंपण नसेल तर प्राणी बोगदा शोधत बसत नाही, तो सरळ रस्त्यावर येतो. बोगद्यात ओल आणि हवा राहिली पाहिजे, अन्यथा बेडूक तोंडाशी येऊन परत फिरतात. आपल्या रस्त्याखाली पावसाच्या पाण्यासाठी मोरी असेल तर तिच्या एका कडेला पाण्याच्या पातळीच्या वर राहील असा कोरडा कट्टा करून आणि दोन्ही तोंडांशी कुंपण घालून तीच वापरता येईल का, हे आधी तपासावे.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आहे, तो म्हणजे रस्ता काही रात्री बंद ठेवणे. कॅनडातील बर्लिंग्टन या शहरात किंग रोडचा एक तुकडा सॅलमँडरांच्या स्थलांतरासाठी २०१२ पासून वसंत ऋतूत सुमारे तीन आठवडे वाहनांना बंद ठेवला जात आला आहे. आपल्या वस्तीत पर्यायी रस्ता असेल तर अशी मागणी अवाजवी ठरत नाही.

मोठ्या प्रमाणावरही हेच तत्त्व लागू पडते. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गावर कुंपण, भुयारी वाटा आणि झाडे लावलेले पूल बांधल्यानंतर वाहने आणि वन्य प्राणी यांच्या धडका ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. नेदरलँड्समध्ये हिल्व्हर्सम शहराजवळचा सुमारे ८०० मीटर लांबीचा निसर्गपूल तर रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही ओलांडून जातो.

यांपैकी काहीही मागण्यापूर्वी नोंदी हव्यात. किती बेडूक मेले, कोणत्या तारखेला, किती वाजता, पाऊस पडत होता का आणि नेमक्या कोणत्या दिव्याच्या खांबापाशी, एवढी माहिती एका हंगामात जमली की बहुतेक वेळा असे दिसते की मृत्यू संपूर्ण रस्त्यावर विखुरलेले नसून एक-दोन ठिकाणी एकवटलेले आहेत. रस्ते विभागाकडे ‘बेडूक वाचवा’ असे निवेदन घेऊन जाण्यापेक्षा त्या दोन ठिकाणांचा नकाशा घेऊन गेलेले केव्हाही चांगले. नोंदी घेताना रस्त्याच्या कडेलाच थांबावे आणि अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट घालावे.

प्रश्न : उद्यानालगतच्या पदपथावर पांढरेशुभ्र एलईडी दिवे बसवले आहेत. त्यामुळे महिलांना सुरक्षित वाटते. पण पूर्वी दिसणारी वटवाघळे आणि काजवे आता दिसत नाहीत. दिवे काढा असे म्हणणे बरोबर वाटत नाही. मग काय करावे?

उत्तर : दिवे काढा असे म्हणूच नये. ते बदला, असे मात्र ठामपणे म्हणावे. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना लुकलुकण्यावरून ओळखतात आणि भोवती उजेड असला की तो संकेतच दिसत नाही. वटवाघळांच्या काही जाती दिव्याभोवती जमणारे किडे टिपतात, पण काही जाती उजेड कटाक्षाने टाळतात. अशा जातींसाठी दिव्यांची एक रांग म्हणजे ओलांडता न येणारी भिंत ठरते. नेदरलँड्समधील न्यूकोप येथे अशा जातींचा विचार करून नव्या वस्तीत तांबूस प्रकाशाचे पथदिवे बसवण्यात आले. त्या रंगाचा वटवाघळांना कमी त्रास होतो आणि माणसाला वाट पुरेशी दिसते.

इतके करणे शक्य नसेल तरी पुष्कळ काही करता येते. दिव्यावर झाकण असावे, म्हणजे उजेड वाटेवरच पडेल, झाडांच्या शेंड्यांत आणि आकाशात जाणार नाही. रंग उबदार, म्हणजे पिवळसर, आणि दिव्याच्या रंगाच्या मापात ३००० केल्व्हिनपेक्षा कमी असावा. खांब बुटके असावेत आणि मध्यरात्रीनंतर उजेड मंद होऊन कोणी आले की आपोआप वाढेल अशी सोय असावी. डोळे दिपवणाऱ्या दिव्याखाली उभ्या असलेल्या व्यक्तीला त्या उजेडापलीकडचा अंधार अधिकच गडद वाटतो आणि तेथे कोणी उभे असले तरी दिसत नाही. त्यामुळे सौम्य आणि एकसारखा उजेड सुरक्षिततेसाठीही चांगला असतो. मात्र दिवे कसे असावेत, हे महिलांशी बोलूनच ठरवावे आणि त्यांच्या वतीने इतरांनी निर्णय घेऊ नये.

प्रश्न : नव्या स्थानकाच्या काचेच्या भिंतीखाली अधूनमधून मेलेले पक्षी सापडतात. काचेवर ससाण्याचे एक चित्र चिकटवले, पण उपयोग झाला नाही.

उत्तर : होणारही नाही. पक्ष्याला काच दिसत नाही, तिच्यात पडलेले आकाशाचे आणि झाडांचे प्रतिबिंब दिसते. ससाण्याचे एकच चित्र टाळून तो बाजूने जाऊ पाहतो आणि पुन्हा काचेवरच आदळतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने संपूर्ण पृष्ठभागावर ठिपके किंवा रेघा असाव्यात आणि त्यांच्यातील अंतर पाच सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे. स्थानकाच्या व्यवस्थापकांना लिहिताना हा आकडा आवर्जून द्यावा.

प्रश्न : आमची वसाहत जंगलाला लागून आहे आणि रात्री बिबट्या दिसतो. त्याला पकडून दूर सोडावे, अशी रहिवाशांची मागणी आहे. ती योग्य आहे का?

उत्तर : भीती पूर्णपणे समजण्यासारखी आहे, पण या मागणीने धोका वाढू शकतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले, असे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, बरेचदा आपल्या मूळ जागेकडे निघतो आणि वाटेत अनोळखी वस्त्यांतून जातो. शिवाय मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहून थोडेसेच जास्त आहे आणि त्याच्या सीमेला इमारती भिडल्या आहेत, तरीही तेथे बिबटे टिकून आहेत. भटकी कुत्री हा त्यांच्या आहाराचा मोठा भाग आहे.

म्हणून पिंजऱ्याआधी कचऱ्याकडे पाहावे. उघड्या कचऱ्यावर कुत्री आणि डुकरे पोसली जातात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. कचरा संध्याकाळपूर्वी उचलला जावा, घरांलगतचे दाट गवत कमी करावे, अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे सोडू नये आणि बिबट्या दिसल्यास गर्दी करून त्याला घेरू नये. जाण्याची वाट मोकळी असेल तर तो निघून जातो. एखाद्या प्राण्याने माणसावर हल्ला केला असेल तर मात्र प्रश्न वेगळा होतो आणि तेथे वन विभागाचाच निर्णय अंतिम मानावा.

प्रश्न : स्थानकाबाहेर तीन रस्त्यांच्या मध्ये एक त्रिकोणी जागा आहे. ती अगदीच लहान आहे. तेथे वाहनतळ व्हावा की झाडे लावावीत, यावर सूचना मागवल्या आहेत. एवढ्याशा जागेने काय साधणार?

उत्तर : त्या जागेचे मोल तिच्या आकारावर नव्हे, तर तिच्या शेजारी काय आहे यावर ठरते. जवळचे उद्यान आणि रुळांचा काठ यांच्या मध्ये ती असेल तर फुलपाखरांना, मधमाश्यांना आणि लहान पक्ष्यांना दोन्हींना जोडणारा टप्पा मिळतो. तीनही बाजूंनी मोठा, रुंद आणि वेगाने वाहणारा रस्ता असेल तर मात्र पक्ष्यांना आकर्षित करणारी फळझाडे तेथे लावू नयेत, कारण ये-जा करताना ते वाहनांवर आदळतील. तेथे सावली देणारी उंच झाडे अधिक योग्य ठरतात.

नगरवनांचे अभ्यासक सेसिल कोनायनेंडायक यांनी मांडलेला एक साधा निकष सूचना देताना उपयोगी पडेल. प्रत्येक घरातून किमान ३ झाडे दिसावीत, प्रत्येक वस्तीवर ३० टक्के वृक्षछाया असावी आणि कोणत्याही घरापासून उद्यान ३०० मीटरपेक्षा लांब नसावे. आपल्या स्थानकाभोवतीच्या घरांना हा निकष लावून पाहावा आणि निघालेले उत्तर सूचनापत्रात आकड्यांसह लिहावे. सोबत एक अटही घालावी, की झाडांच्या बुंध्यांभोवती फरशी किंवा काँक्रीट घातले जाऊ नये आणि पहिली तीन वर्षे पाणी कोण घालणार, हे मंजुरीच्या कागदातच नमूद व्हावे.